दादाची गाडी, माझ्या स्प्रिंगा

आमच्या घरात चिडायचा हक्क एकट्या बाबांचा होता. आई चिडायची नाही, भांडी जरा जोरात ठेवायची. दादाला चिडायची वेळच येत नसे, कारण त्यानं मागायच्या आत वस्तू त्याच्या पुढ्यात यायची. आणि मी चिडले, की आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलं जायचं, "आमच्या सुमीच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हो!" म्हणजे माझा राग हा राग नव्हताच, ती एक गंमत होती, चहाबरोबर पाहुण्यांपुढे ठेवायची. आता पन्नाशी आली. वय झालं की राग निवतो असं लोक म्हणतात. माझा काही निवलेला नाही, आणि हे प्रकरण मी त्या रागातच लिहायला बसले आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी "जरा समतोल लिहायला हवं होतं" असं म्हणायला नको.

आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या खात्यात होते. बाहेरच्या कंपन्या आल्या, कारखान्यात नवी यंत्रं आली आणि बाबांच्या वयाच्या माणसांना हार, नारळ आणि स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तेव्हापासून घरातलं एकूणएक यंत्र बाबांच्या तावडीत सापडलं. सकाळी कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी पंख्याची पाती उतरवल्याचा खडखडाट ऐकू यायचा. मिक्सर उघडलेला, शिवणयंत्र उलटं, स्कूटर जिन्याखाली आडवी. आई म्हणायची, "अहो, मला चटणी वाटायचीय." बाबा म्हणायचे, "मग वाटा की. अडवलंय कुणी?" आणि मिक्सरची मोटर त्यांच्याच मांडीवर असायची! त्यांच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायची मला बंदी होती. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होते, कॉलेजात लेथ चालवत होते, पण घरी पान्याला हात लागला की, "सुमे, ते जागच्या जागी ठेव." दादानं जन्मात एक खिळा ठोकला नव्हता, तरी ती पेटी पुढे त्याचीच होणार हे ठरलेलं होतं. हे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असायचं.

दादा, म्हणजे अभिजित, सॉफ्टवेअरवाला. त्या वर्षांत पुण्यात सॉफ्टवेअर हा शब्द लोक देवाच्या नावासारखा उच्चारत. कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं आणि पहिल्या सुट्टीला येताना तो एक मोठं खोकं घेऊन आला. खोक्यावर धूळ उडवत उडी मारणाऱ्या गाडीचं चित्र होतं. रिमोटवर चालणारी शर्यतीची बग्गी, खडबडीत जमिनीवर पळणारी, लांबी साधारण हातभर. सगळे हॉलमध्ये गोल करून बसले. दादानं खोकं उघडलं तर आत गाडीच नाही, नुसत्या पिशव्या. स्क्रू, दांडे, गिअर, बेअरिंग. "अरेच्चा, हे जोडायचं असतं होय?" दादा म्हणाला. "मला वाटलं, रेडी येते." मग त्यानं खोकं मिटलं आणि मित्रांबरोबर भेळ खायला गेला. बाबांनी ते कपाटावर चढवलं, वर जुनी चादर टाकली. फॉरेनची वस्तू म्हणजे धूळ बसता कामा नये. दादा परत गेला, आणि कपाटावर खोकं बघून बघून माझ्या जिवाची तगमग व्हायला लागली.

एका रविवारी बाबा बाहेर गेले होते तेव्हा मी ते खाली काढलं. पत्र लिहून दादाला विचारलंही. त्याचं उत्तर आलं, "कर की, मला काय!" हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याला ते आठवेना. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून, खोक्यातलं माहितीपुस्तक पुढ्यात घेऊन मी गाडी जोडायला बसले. आईनं आपला जुना मसाल्याचा डबा दिला, त्याच्या वाट्यांमध्ये मी स्क्रू लांबीप्रमाणे लावले. त्यांना कायम हळदीचा वास यायचा. आई अधूनमधून दडप्या पोह्यांची बशी आणून ठेवायची आणि उभी राहून बघायची. "अगं बाई, एवढंसं ते, आणि त्याला केवढं हे आतडं!" बाबा बघायचेच नाहीत. बाल्कनीतून टॉवेल काढायला आले तरी मला ओलांडून जायचे. एकदाच म्हणाले, "पुस्तक वाचून गाड्या होत नाहीत."

खरं सांगायचं तर जोडणं हे काहीच नव्हतं. गाडी जोडून झाली, सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर नेली, आणि पहिल्याच दगडावर बेडकासारखी उडून उताणी पडली. अमेरिकेतली माती कशी असते देव जाणे, पण ती गाडी तिकडच्या दाबून बसवलेल्या मातीसाठी बनवली होती. आपल्याकडे वरती भुगा आणि खाली टणक मुरूम. कडक स्प्रिंगांवर ती नुसती टणाटणा उड्या मारी, चाकं जमिनीला टेकतच नसत. मग सुरू झालं ते सेटिंगचं वेड. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पळवून बघायची, पुन्हा बदलायची. पुढची चाकं वरच्या अंगानं किंचित आत झुकवली तर वळणावर पकड येते हे कळलं. बॅटरी बोटभर मागे सरकवली तर मागची चाकं जोर धरतात हे कळलं. मऊ स्प्रिंगा कुठं मिळेनात, तेव्हा कॉलेजच्या लेथवर मी त्या स्वतः गुंडाळल्या. तार जाड झाली, बारीक झाली, मोडली, बोटं फाटली. शॉकअबसॉर्बरमध्ये घालायचं सिलिकॉनचं तेल प्रयोगशाळेतल्या सरांची विनवणी करकरून आणलं. घट्ट आणि पातळ तेल मिसळायचं, भरायचं, आणि गाडी वीतभर उंचावरून सोडायची. ती मांजरीसारखी एकदाच बसली पाहिजे. पुन्हा उसळली तर तेल पातळ, अवघडून राहिली तर घट्ट. दुपारच्या उन्हात तेल पातळ होतं म्हणून मी दुपारीच जाऊन बघायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं होतं, "खेळणी आवारात चालवू नयेत. आपले वय पाहून खेळावे." मी त्याच्याखालून रोज गाडी घेऊन जायची.

लेलेकाका तिथंच भेटले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, रिमोटवरची विमानं उडवणाऱ्यांचा आणि गाड्या पळवणाऱ्यांचा एक क्लब चालवायचा. कुंपणाशी उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "स्प्रिंगा कुठल्या?" "मी केल्यात." "हं." यापलीकडे स्तुती करायची पद्धत त्यांच्यात नव्हती. मग म्हणाले, "दसऱ्याला हिंजवडीला शर्यत ठेवलीय. यायचं तर नाव सांग." तेव्हा हिंजवडीला दोनचार काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, बाकी शेतं आणि सपाट करून ठेवलेली मुरमाची जमीन. मी नाव सांगितलं. माझं स्वतःचं, आडनावासकट. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. चालवणाऱ्यांच्या त्या लाकडी मचाणावर हातात रिमोट घेऊन उभं राहायचं आणि ती गाडी मुरमावरून काढायची. बक्षीस नको होतं, कौतुकसुद्धा नको होतं. नुसतं तिथं उभं राहायचं होतं.

नवरात्रात दादा सुट्टीवर आला. गाडी बघून हरखला. "वॉव! ही तीच?" प्लॉटवर त्यानं ती फिरवली, आणि माझ्या त्या महिन्यांच्या कष्टांमुळे गाडी त्याच्या हातातही गुणी पोरासारखी चालली. दादाला वाटलं, आपल्याला येतं. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा प्लॉटवर आले. पहिल्यांदा! पाठीमागे हात बांधून उभे होते आणि चेहरा असा फुलला होता, जसा काही दादानं गाडीचा शोधच लावला. "अभिजितची गाडी काय पळते," असं ते त्या आठवड्यात भाजीवाल्यालाही सांगून आले. मी हे ऐकत होते. मला वाटत होतं, दसरा येऊ दे, मग बघा.

खंडेनवमीला बाबांच्या कारखान्यात मोठा थाट असे. यंत्रं पुसून, तेलपाणी करून, झेंडूच्या माळा घालून पूजा. कारखाना सुटला तरी बाबांचा नेम सुटला नव्हता, तो आता घरात चाले. त्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा हॉलमध्ये पाटावर मिक्सर, शिवणयंत्राचं डोकं, इस्त्री, पाने, पकडी, आणि मधोमध बग्गी. सगळ्यांना हळदकुंकू. बग्गीवर छोटीशी माळसुद्धा होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. बाबांनी माझं काम यंत्रांच्या पंगतीत बसवलं, असं मला वाटलं. मूर्ख कुठली!

संध्याकाळी जेवताना बाबा सहज म्हणाले, "लेल्यांना फोन केला मी. उद्या अभिजितचं नाव लावलंय." "का?" "का म्हणजे? गाडी कुणाची?" "बाबा, तिच्यातलं सगळं मी केलंय." "केलंस की. नाही कोण म्हणतंय? तू तयार करून दे, तो चालवेल. घरातल्या घरात कसलं माझं-तुझं?" दादा म्हणाला, "रिलॅक्स, सुमे. आपण टीम आहोत." मी विचारलं, "मग तू तयार कर, मी चालवते. तीही टीमच." यावर तो हसला. त्याला तो विनोद वाटला. आई वाढता वाढता म्हणाली, "जाऊ दे ग, चार दिवसांचा पाहुणा आहे तो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाहुणा आहे तर पाहुण्यासारखा बसू दे ना एका जागी!" मी ताटावरून उठले. मागून बाबांचा आवाज आला, "राग बघा, राग!" आणि दादाचं हसू. माझी मुलगी हे ऐकते तेव्हा म्हणते, "आई, तू गेलीसच कशाला दुसऱ्या दिवशी?" मी गेले, कारण ती गाडी मी केली होती. तिला एकटीला त्यांच्या हाती कशी सोडू?

दसऱ्याला हिंजवडीला ऊन रणरणत होतं. मुरमावर जुन्या टायरांनी आखलेली वाट, मातीचे उंचवटे, दोन उड्या, एक अवघड वळण. दादाचे मित्र आले होते, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचे पट्टे सुट्टीच्या दिवशीही. आईनं डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड आणलं होतं, बाबा सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते. खोकं आणि त्यातले न वापरलेले भाग मी बरोबर आणले होते. मी चाकं तपासली, बॅटरी लावली, गाडी रेषेवर ठेवली आणि बाजूला झाले. लेलेकाकांनी शिट्टी फुंकली. बाकीच्या गाड्या सुटल्या. आमची जागच्या जागी किंचाळत उभी. मोटर नुसती ओरडतेय आणि चाकं ढिम्म. मग रांगत रांगत निघाली, पहिल्या चढावर थांबली आणि घसरत मागं आली. मित्र खो खो हसले. दादा मचाणावरून ओरडला, "सुमी, काय करून ठेवलंयस तू?" आणि बाबा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तरी मी म्हणत होतो. पुस्तकातून गाड्या होत नाहीत."

मी गाडी उचलून टेबलावर आणली. या गाड्यांमध्ये मोटर आणि चाकं यांच्यामध्ये दोन चकत्या एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. त्यांना क्लच म्हणायचं. उडीवरून गाडी आपटली की त्या जराशा घसरतात आणि गिअरचे दात वाचतात. एरवी त्यांनी घट्ट धरून ठेवायचं, म्हणून त्या कोरड्या ठेवायच्या, अगदी ठणठणीत. मी झाकण काढलं आणि वास आला. शिवणयंत्राच्या तेलाचा. चकत्या तेलानं निथळत होत्या. इतक्या सफाईनं झाकण उघडून परत लावणारा माणूस आमच्या घरात एकच होता. मी वळून विचारलं, "बाबा, काल हे उघडलं होतंत?"

"पूजेला साफ केलं. आत सगळं कोरडं पडलं होतं," बाबा म्हणाले. "यंत्राला तेल नको?"

"ते कोरडंच ठेवायचं असतं! तेल घातलं की ते धरतच नाही. म्हणून गाडी चालली नाही. माझ्या सेटिंगनं नाही, तुमच्या तेलानं!"

आईनं श्रीखंडाच्या डब्याचं झाकण लावलं. मी वाट बघत होते. मला फार काही नको होतं. "चुकलं" एवढंही नको होतं. मघाशी जे मोठ्यानं म्हणालात ते तितक्याच मोठ्यानं मागं घ्या, इतकंच. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, ओरडतेस काय? लोक बघतायत. बाबांनी प्रेमानं केलंय."

प्रेमानं! ते ऐकलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली की ती आज लिहितानाही उतरलेली नाही. म्हणजे बाबांनी बिघडवलं ते प्रेम, दादाला चालवता आलं नाही ते नशीब, आणि मी इतके महिने बोटं फाडून घेतली तो पोरखेळ. चूक कुणाचीच नसली की ती माझी असायची. मी दादाचा हात झटकला. "ठीक आहे. मी क्लच साफ करते. पुढच्या फेरीत मी चालवणार." बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "नाव अभिजितचं आहे." लेलेकाका शेजारीच उभे होते. "नाव बदलता येतं," ते म्हणाले. "अजून वेळ आहे. तुमचं तुम्ही ठरवा." सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं मित्रांकडे पाहिलं. "अगं, सगळे आलेत ना खास... नेक्स्ट टाइम तू. प्रॉमिस." नेक्स्ट टाइम म्हणे! त्याच्या परतीचं तिकीट त्याच्या बॅगेत होतं.

मी कामाला लागले. लेलेकाकांच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून स्पिरिट घेतलं आणि चकत्या स्वच्छ पुसल्या, वाळवल्या, पुन्हा बसवल्या. क्लच एकदम चोख केला. नादुरुस्त गाडी हातातून सोडणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही. मग मी चारही शॉकअबसॉर्बर उतरवले. माझ्या स्प्रिंगा काढून खिशात घातल्या. माझं तेल मुरमावर ओतून टाकलं आणि खोक्यासोबत आलेल्या बाटलीतलं भरलं. खोक्यातल्या कडक स्प्रिंगा चढवल्या. झुकवलेली चाकं सरळ केली, बॅटरी पुढे सरकवली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जशी लिहिली होती तशी गाडी केली. दादा मित्रांशी बोलत होता, त्याला वाटत होतं मी दुरुस्ती करतेय. लेलेकाका सगळं बघत होते. त्यांना कळत होतं, पण त्यांनी अडवलं नाही. मी गाडी दादाच्या हातात दिली. "घे. क्लच ठीक आहे."

शिट्टी वाजली आणि गाडी सुसाट सुटली. बाबांनी टाळी वाजवली. पहिल्या उंचवट्यावर गाडी टणकन उडाली, दुसऱ्यावर वाकडी झाली, आणि उडीवरून जी आपटली ती उताणी, चाकं आभाळाकडे फिरताहेत. सरळ केली, पुन्हा उताणी. वळणावर टायरांत घुसली. लेलेकाका भोंग्यावरून म्हणाले, "अभिजित, चाकं खालच्या बाजूला ठेवायची असतात." या वेळी मित्र हसलेसुद्धा नाहीत. बाबा माझ्याकडे आले. "काय केलंस तू?"

"काही नाही. माझं होतं तेवढं काढून घेतलं. राहिली ती त्याची गाडी."

माझ्या मनाला तेव्हा काही लागलं नाही. आजही लागत नाही. नंतर घरात वर्षानुवर्षं "त्या दिवशी गाडीच खराब होती" असं सांगितलं गेलं, आणि प्रत्येक वेळी मी ते पाहुण्यांसमोर दुरुस्त केलं. दादाला आवडत नाही. न आवडू दे.

परतताना आई आणि दादा मित्राच्या गाडीतून गेले. मी आणि बाबा स्कूटरकडे चालत आलो. बाबांनी किक मारली नाही. हँडल धरून उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते तेलाचं... मला माहीत नव्हतं." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. राग ओसरायला तेवढं पुरलंही असतं. मी म्हटलं, "माहीत नव्हतं, तर मला विचारायचं होतंत."

बाबांनी मान वर केली.

"तुला?" ते म्हणाले. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं.